फ्रान्समध्ये गुरुवारी संप आहे, मी जाऊ का?

सातचा_भोंगा | १४ सप्टेंबर २०२५

नमस्कार मंडळी. नऊ वर्षं इथे रोमात (म्हणजे नुसतं वाचतोय, लिहीत नाही) आहे, धागा पहिलाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी फ्रान्समध्ये, लियोंला असतो. (आपल्याकडे लियॉन लिहितात. इथे तसं म्हटलं तर तिकीट खिडकीवरची बाई चष्मा काढून बघते.) सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, बायको आणि आठ वर्षांची मुलगी. मुलीच्या दप्तरात शाळेच्या निरोपांची एक वही असते. परवा तिच्यात चिठ्ठी चिकटवून आली: गुरुवारी १८ तारखेला संप, वर्गाच्या बाई येणार नाहीत, कॅन्टीनही बंद, मुलांना पाठवणार असाल तर डबा द्या. खाली पालकांची सही. मी मुकाट्याने सही केली. मुलगी म्हणाली, "बाबा, तू पण संपावर आहेस का?"

ज्यांना मागचं माहीत नाही त्यांच्यासाठी: गेल्या सोमवारी पंतप्रधान बायरू यांनी स्वतः होऊन विश्वासदर्शक ठराव मांडला आणि १९४ विरुद्ध ३६४ असे आपटले. कुणी पाडायला आलं नव्हतं. स्वतःच झाडावर चढले, स्वतःच फांदी कापली. १९५८ पासूनच्या पाचव्या प्रजासत्ताकात विश्वासदर्शक ठरावावर सरकार पडायची ही पहिलीच वेळ. त्यांना ४४ अब्ज युरो वाचवायचे होते. उपाय बरेच सुचवले होते, पण लोकांच्या डोक्यात बसला एकच: दोन सार्वजनिक सुट्ट्या रद्द, ईस्टरचा सोमवार आणि ८ मे. नवे पंतप्रधान लकॉर्न्यू आले आणि काल त्यांनी सांगून टाकलं, सुट्ट्यांना हात लावणार नाही. पण बाकीची काटकसरही नको म्हणून युनियनवाल्यांचा गुरुवारचा संप आहेच.

सरकार पडल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी काय चाललं असेल? सरकारावर पाच मिनिटं. मग आमच्या टीममधल्या एकीने २०२६ च्या मे महिन्याचं कॅलेंडर छापूनच आणलं होतं, ते भिंतीवर धरून पाऊण तास. १ मे शुक्रवार. ८ मे शुक्रवार. १४ मे गुरुवारी असेन्शन हा ख्रिस्ती सण, म्हणजे शुक्रवारी 'पूल' बांधायचा (मधला दिवस रजा टाकून सुट्टीला सुट्टी जोडायची, याला इथे पूलच म्हणतात). २५ ला पुन्हा सुट्टी, सोमवारी. हायलायटरने रंगवलेला तो महिना बघून मला तरी गहिवरून आलं.

थोडक्यात, इथे सरकार पडतं पण जेवणाची सुट्टी पडत नाही.

तर प्रश्न. ऑफिसातल्या युनियनवाल्या सहकाऱ्याने पत्रक हातात दिलं आणि म्हणाला, "येतोयस ना?" माझ्याकडे राहण्याचा परवाना आहे, नागरिकत्व नाही. पाहुण्याने यजमानांच्या घरच्या भांडणात पडावं का? तुमच्यापैकी कुणी परदेशात संप केलाय का?

निवांत_नांदेड | १४ सप्टेंबर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. भांडा लवकर.

बॉस्टनचा_बाप्या | १४ सप्टेंबर

अमेरिकेत पगारी रजा दिलीच पाहिजे असा केंद्राचा कायदाच नाही. मला वर्षाला पंधरा दिवस मिळतात, त्यातच ताप, त्यातच पुतण्याचं लग्न, त्यातच व्हिसाचा शिक्का. आणि तुम्ही लोक दोन सुट्ट्यांवरून पंतप्रधान बदलता. हा धागा मी ऑफिसच्या लॅपटॉपवर उघडला हीच माझी क्रांती.

रेसेपिसेवाली | १४ सप्टेंबर

भोंगादादा, खुशाल जा. संपाचा हक्क १९४६ च्या राज्यघटनेच्या प्रास्ताविकेत आहे, ती आजही लागू आहे आणि त्यात पासपोर्टचा रंग लिहिलेला नाही. सरकारी खात्यांत आधी नोटीस द्यावी लागते. खासगी नोकरीत देशव्यापी हाक असेल तर साहेबाला आगाऊ सांगायचीही सक्ती नाही. जेवढा वेळ संप तेवढा पगार कापतात, विषय संपला.

मी ग्रेनोबलला पीएचडी करते. मला मोर्च्याची भीती नाही, परवान्याच्या खिडकीची आहे. नवं कार्ड येईपर्यंत जो तात्पुरता कागद देतात तो रेसेपिसे. माझे चार झालेत, म्हणून हा आयडी. मागच्या खेपेला फाइलमध्ये सगळं होतं. जन्मदाखला, त्याचं शपथेवर भाषांतर, बँक, विद्यापीठ, भाडेकरार. बाईंनी एकेक पान उलटलं आणि शेवटी गोड हसून म्हणाल्या, एक कागद कमी आहे. विजेचं बिल मैत्रिणीच्या नावावर होतं, तेव्हा "ही माझ्याकडे राहते" असं मैत्रिणीचं पत्र आणि मैत्रिणीचं ओळखपत्र हवं. मी मैत्रिणीला फोन करते म्हटलं. घड्याळात अकरा अठ्ठावन्न. बाईंनी खिडकीवर पाटी लावली आणि पर्समधून डबा काढला. कोशिंबीर होती, वर उकडलेलं अंडं. अजून डोळ्यांसमोर आहे.

हिशेबतपासनीस | १५ सप्टेंबर

विनोद ठीक आहे. आता जरा आकडे. फ्रान्सचं सरकारी कर्ज जीडीपीच्या ११४ टक्के, गेल्या वर्षीची तूट ५.८ टक्के. २०२३ मध्ये निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ करायचं म्हटलं तर अख्खा देश रस्त्यावर. तेही मतदान न घेता ४९.३ कलम लावून रेटावं लागलं. अहो, लोक जास्त जगतात, पेन्शन जास्त वर्षं द्यावी लागते. हे गणित आमच्या ठाण्याच्या सोसायटीच्या खजिनदारालाही कळतं. बिल कोण भरणार?

निवांत_नांदेड | १५ सप्टेंबर

ठाण्याच्या सोसायटीत लिफ्टच्या दुरुस्तीवरून समिती पडते हे आम्ही ऐकून आहोत.

तुलूजकर_बंडू | १५ सप्टेंबर

हिशेबतपासनीस, तुमचे आकडे बरोबर, चित्र अर्धं. फ्रेंच काम करत नाहीत हा आपल्याकडचा आवडता समज आहे. मी तुलूजला विमानांच्या सुट्या भागांच्या धंद्यात आहे. आठवड्याला ३५ तासांचा कायदा १९९८ आणि २००० मध्ये आला, खरंय. पण माझ्यासारख्या 'काद्र' लोकांना, म्हणजे आपल्या भाषेत साहेबवर्गाला, बहुतेक ठिकाणी तासांवर मोजतच नाहीत. वर्षाला २१८ दिवस, बास. त्या दिवशी रात्री आठ वाजले तरी कुणी विचारत नाही. आणि साडेपाचला बॅग उचललीत तर शेजारचा घड्याळाकडे बघून म्हणतो, "काय, आज अर्ध्या दिवसाची रजा?" पहिल्यांदा मी खरंच खुलासा करत बसलो होतो.

फरक जेवणात आहे. बारा वाजले की सगळा मजला उठतो. एकटा कुणी जागेवर डबा उघडत नाही. कामगार कायद्यात कामाच्या जागी जेवायला मनाई आहे, कोविडमध्ये ती तात्पुरती सैल करावी लागली होती. मी पहिल्या आठवड्यात डेस्कवर पोळीभाजी काढली तर साहेब जवळ येऊन हळूच म्हणाला, "काही घरगुती अडचण आहे का?"

पेठेतली_पारी | १५ सप्टेंबर

बंडू, पोळीभाजी!! हसून हसून पुरेवाट.

मी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकले, पुढे बरीच वर्षं शिकवलं. म्हणून सवयीने थोडी मास्तरकी करते. संपाला फ्रेंचमध्ये 'ग्रेव्ह' म्हणतात. पॅरिसमध्ये सेन नदीच्या काठाला, आज जिथे महापालिकेची इमारत आहे, तिथल्या चौकाचं जुनं नाव ग्रेव्ह. ग्रेव्ह म्हणजे वाळूचा, गोट्यांचा काठ. हाताला काम नसलेले मजूर सकाळी तिथे येऊन उभे राहायचे. आपल्याकडच्या मजूर अड्ड्यासारखं. आधी "ग्रेव्हवर असणं" म्हणजे काम शोधणं होतं, मग काम थांबवणं झालं. एकाच शब्दात दोन्ही टोकं.

डावे-उजवे हेही तिथलंच. १७८९ च्या सभेत राजाच्या बाजूचे अध्यक्षाच्या उजव्या हाताला बसले, विरोधातले डाव्या. जगभरची भांडणं बसायच्या जागेवरून सुरू झाली.

बॉस्टनचा_बाप्या | १५ सप्टेंबर

आमच्या मंडळाच्या गणपतीतही भांडण बसायच्या जागेवरूनच सुरू होतं. फक्त जगभर पोचत नाही.

दोन्ही_घरची_पाहुणी | १६ सप्टेंबर

मला राजकारण कळत नाही, पण संप मी अंगावर काढलाय. डिसेंबर २०१९. लेकाकडे पॅरिसला गेले होते, पहिल्यांदाच. ५ तारखेला पेन्शनवरून संप सुरू झाला आणि मेट्रो ठप्प. लेक रोज ऑफिसला चालत, दीड तास जायला, दीड तास यायला. पंधरा दिवसांत पँट सैल झाली. मी म्हटलं, चला, देवाने ऐकलं.

ज्या गाड्यांना चालकच नाही अशा दोनच लाइनी चालू होत्या, एक नंबरची आणि चौदा नंबरची. सूनबाईंना डॉक्टरांकडे जायचं होतं. फलाटावर ही गर्दी! सूनबाई नागपूरच्या, त्या म्हणाल्या, "आई, राहू दे, पुढची घेऊ." पुढची तशीच, त्याच्या पुढचीही तशीच. मी पर्स पोटाशी घेतली, कोपर काढलं, दार उघडायच्या आत कडेला उभी राहिले आणि उतरणारे उतरताक्षणी आत. मग हात बाहेर काढून सूनबाईंना ओढलं. एक फ्रेंच बाई काहीतरी म्हणाल्या. सूनबाई म्हणे, "त्या विचारतायत तुम्ही हे कुठे शिकलात." वडाळ्याला चाळीस वर्षं काढली, बाई!

रेसेपिसेवाली | १६ सप्टेंबर

काकू, दंडवत!

लालबावटा_निवृत्त | १६ सप्टेंबर

धागा वाचतोय. मजा चालली आहे, चालू द्या. पण एक सांगतो. मी एसटीत तीस वर्षं होतो. आमच्याकडे २०२१-२२ चा संप पाच महिन्यांच्या वर चालला. तोवर मी निवृत्त झालो होतो, पण पुतण्या त्यात होता. घरात काय चाललं होतं ते मला ठाऊक. तुम्ही पूल बांधता, सुट्ट्या रंगवता, पगार एका दिवसाचा कापतात आणि त्याला संप म्हणता. या सुट्ट्याही आभाळातून पडलेल्या नाहीत. १९३६ साली तिथे डाव्यांचं सरकार निवडून आलं, कामगार कारखान्यांतच ठाण मांडून बसले, तेव्हा पहिल्यांदा दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. आज पाच आठवडे आहे ना? ती त्या लोकांची.

भोंगासाहेब, तुम्ही "जाऊ का" असं विचारता. कामगाराच्या मनात हा प्रश्न असा येत नाही. तुमच्या मनात का आला?

हिशेबतपासनीस | १६ सप्टेंबर

१९३६ मधलं बिल २०२५ मध्ये आलंय, एवढंच मी म्हणतोय.

पुदुच्चेरी_एक्स्प्रेस | १७ सप्टेंबर

अवांतर करतो, हलके घ्या. मी बँकेत, चार वर्षं पुदुच्चेरीला पोस्टिंग. आमच्या ब्रँचला एक म्हातारे खातेदार यायचे. पांढरी लुंगी, तमिळ बोलणं, आणि पेन्शन फ्रेंच लष्कराची. तिथे फ्रेंच नागरिक हजारांनी आहेत आणि ते फ्रान्सच्या निवडणुकीत मतदान करतात. परदेशातल्या फ्रेंचांचे ११ खासदार असतात, त्यातल्या एकाच्या मतदारसंघात हे येतात. मी आजोबांना विचारलं, कुणाला दिलंत मत? म्हणाले, "पहिल्या फेरीत मनातल्याला, दुसऱ्या फेरीत नकोशाच्या विरोधात." फ्रान्सचं राजकारण मला तेवढ्या एका वाक्यात कळलं. त्यापुढे कधी वाचलं नाही.

निवांत_नांदेड | १७ सप्टेंबर

आम्हाला एकाच फेरीत दोन्ही उरकावं लागतं.

पेठेतली_पारी | १७ सप्टेंबर

अवांतरात माझंही एक नाणं. १४ जुलै २००९ ला पॅरिसच्या संचलनात भारताची तुकडी होती आणि त्यात मराठा लाइट इन्फंट्री. शाँझेलिझेवर आपले जवान! मी टीव्हीसमोर उभी राहिले होते, आमचे हे म्हणाले, अगं, बस, त्यांना दिसत नाहीये.

तुलूजकर_बंडू | १८ सप्टेंबर

आज सगळीकडे बंद. औषधांची दुकानंसुद्धा! बायकोला खोकल्याचं औषध हवं होतं, शेवटी हळद-दूध. भोंगाभाऊ, गेलात का?

सातचा_भोंगा | १८ सप्टेंबर, रात्री

गेलो नाही.

रीतसर पगारी रजा टाकली आणि मुलीबरोबर घरी बसलो. युनियनवाल्या सहकाऱ्याला कळलं तेव्हा तो भिंतीला टेकून हसला. संपाच्या दिवशी रजा घेणारा माणूस त्याने पहिल्यांदा पाहिला म्हणे. दुपारी मुलीला घेऊन खाली चक्कर मारली तर मोर्च्याचं शेपूट दिसलं. व्हॅनवर फुगे, स्पीकरवर गाणी, आणि कडेला जाळीवर सॉसेज भाजतायत, त्या धुराचा वास थेट पुढच्या चौकापर्यंत. एक आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन. मुलगी म्हणाली, "बाबा, ही जत्रा आहे?"

देशभरात किती लोक आले? सरकार म्हणतं पाच लाखांवर, युनियन म्हणते दहा लाख. शिवाजी पार्कच्या सभांचे आकडे ऐकत वाढलेल्या माणसाला यात नवल नाही.

लालबावटा काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देणं लागतो. माझा आयडी मशिदीच्या भोंग्यावरून नाही, दोघातिघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं म्हणून सांगतो. तो गिरणीचा. बाबा परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी तीन वर्षांचा. माझ्या आठवणीत संप नाहीच, त्यानंतरचं आहे. आई, मी आणि दादा संगमेश्वरला आजोळी. आई खोलीवर आठ माणसांची खाणावळ चालवायची, तीही गेली, कारण जेवणारे आठही जण आपापल्या गावी. अडीच लाख माणसं होती त्या संपात. तो अधिकृतपणे कधी मागेच घेतला नाही असं म्हणतात, म्हणजे हिशेबाने बाबा अजून संपावरच आहेत.

आपल्याकडे तांदूळ 'संपले' म्हणत नाहीत, 'वाढले' म्हणतात. आमच्या घरात ते जरा जास्तच पाळलं जातं. साबण वाढला, गॅस वाढला, महिना वाढला. तो एक शब्द आईसमोर काढायचा नाही.

मी राहतो ती टेकडी, क्रुआ-रूस, रेशमाच्या विणकरांची वस्ती होती. घरांची छतं चार मीटर उंच, कारण आत जाकार (जॅकार्ड) माग उभे राहायचे. १८३१ मध्ये त्या विणकरांनी मजुरीच्या दरावरून उठाव केला होता. आज तिथे आमच्यासारखे भाडेकरू आणि महागडी कॉफी. बाबांना व्हिडिओ कॉलवर छत दाखवलं तर वर बघत म्हणाले, "माग कुठे गेले?"

दोन्ही_घरची_पाहुणी | १९ सप्टेंबर

बाळा, वाचून पोटात कालवलं. आमच्या वडाळ्याच्या इमारतीत तशी चार घरं होती.

लालबावटा_निवृत्त | १९ सप्टेंबर

मी जरा जास्त बोललो. राग मानू नका.

हिशेबतपासनीस | १९ सप्टेंबर

मी ह्या धाग्यावर दोन दिवस बिलाबद्दल बोलणार नाही.

बॉस्टनचा_बाप्या | २१ सप्टेंबर

वातावरण हलकं करायला: फ्रान्सचे एकेकाळचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांचं म्हणून एक वाक्य सांगतात ना, २४६ प्रकारचं चीज असलेल्या देशावर राज्य कसं करायचं? मग कोल्हापुरात मिसळीवरून काय बोलायचं?

तुलूजकर_बंडू | २१ सप्टेंबर

प्रत्येक फ्रेंच माणूस तो आकडा वेगळा सांगतो आणि पुढे अर्धा तास आकड्यावरच भांडतो. वाक्य बाजूलाच राहतं. मिसळीबद्दल मात्र चौथी आघाडी उघडू नका.

सातचा_भोंगा | ३ ऑक्टोबर

काल पुन्हा संप होता. २ ऑक्टोबर. गांधी जयंती आणि दसरा एकाच दिवशी, वर फ्रेंचांचा संप. एवढे योग जुळून आल्यावर न जाणं बरं दिसेना.

गेलो. रजा न टाकता. साहेबाला सांगायची गरज नव्हती, पण हात शिवशिवले, मेल केलाच: "उद्या मी संपावर असेन." दोन मिनिटांत उत्तर: "ठीक. शुक्रवारची मीटिंग अकराला." बस, एवढंच.

मोर्च्यात मी, युनियनवाला, आणि ती मे महिन्याच्या कॅलेंडरवाली. घोषणा मला येत नव्हत्या. तिने शिकवल्या, मी अर्ध्या मात्रेने मागे. गर्दी १८ तारखेपेक्षा कमी होती. सॉसेज मी खात नाही, तर जाळीवरच्या माणसाने विचार करून पाव फोडला, त्यात नुसते बटाट्याचे तळलेले काप आणि मोहरीची चटणी भरली, म्हणाला, "शाकाहारी कॉम्रेड." चार युरो घेतले मात्र. बेलकूर चौकात बसून खाल्लं. आपट्याची पानं नाहीत, म्हणून कडेच्या झाडाची दोन पानं उचलून दोघांना दिली, सोनं म्हणून. कॅलेंडरवालीने ते पान पाकिटात ठेवलं.

रेसेपिसेवाली | ३ ऑक्टोबर

शाकाहारी कॉम्रेड! आयडी बदला.

निवांत_नांदेड | ६ ऑक्टोबर

धागा वर काढतोय. हे काय चाललंय? काल रात्री झोपताना बातमी, फ्रान्सचं नवं मंत्रिमंडळ जाहीर. आज जेवून उठतो तोच पंतप्रधानांचा राजीनामा. माझी मंत्र्यांची नावं वाचायचीच राहिली.

तुलूजकर_बंडू | ६ ऑक्टोबर

आमचीही. काल संध्याकाळी यादी, आज सकाळी राजीनामा, चौदा तास. सकाळी ऑफिसात एक जण म्हणाला, माझ्या दह्याची तारीखसुद्धा याच्यापुढची आहे.

हिशेबतपासनीस | ६ ऑक्टोबर

२०१९ मध्ये महाराष्ट्रात पहाटे शपथ घेतलेलं सरकार ऐंशी तास टिकलं होतं. या बाबतीत आपण स्थिर आहोत.

पेठेतली_पारी | ६ ऑक्टोबर

चौथ्या प्रजासत्ताकात, १९४६ ते १९५८, बारा वर्षांत वीसच्या वर सरकारं झाली होती. त्यालाच कंटाळून द गॉल यांनी पाचवं आणलं, राष्ट्राध्यक्ष बळकट केला. आणि जून २०२४ मध्ये त्याच बळकट अध्यक्षाने संसद विसर्जित केली, तीन तुकडे निवडून आले, कुणालाच बहुमत नाही. तेव्हापासून बार्निये, बायरू, लकॉर्न्यू. बार्निये अविश्वास ठरावाने पडले, तसं १९६२ नंतर कुणी पडलं नव्हतं. शिकवताना मी "फ्रान्सचे पंतप्रधान कोण" हा प्रश्न परीक्षेत घालायचे. बरं झालं निवृत्त झाले.

रेसेपिसेवाली | ६ ऑक्टोबर

सरकार नसताना देश कसा चालतो असं आई विचारत होती. आज सकाळी पोस्टमन आला, बेकरी उघडली, माझा पाचवा रेसेपिसे तयार असल्याचा मेल आला. सरकार असताना आला नव्हता.

बॉस्टनचा_बाप्या | ११ ऑक्टोबर

आता नवा पंतप्रधान म्हणून परत तेच लकॉर्न्यू?

निवांत_नांदेड | ११ ऑक्टोबर

रुसून गेलेला जावई जेवायला परत बसला.

सातचा_भोंगा | १२ ऑक्टोबर

आज रविवार, बाबांशी बोलणं झालं. दहा दिवस सांगू की नको करत होतो. मुलीनेच फोडलं. मराठीत "बाबा संपावर गेला होता" असं खणखणीत म्हणाली. आई कॅमेऱ्यातून उठून आत गेली. बाबा पुढे सरकले, स्क्रीनवर नुसतं कपाळ.

"पगार?"

"एका दिवसाचा कापतील."

"एकाच?"

"हो."

"मग तो संप कसला. बिनपगारी रजा म्हण."

मी काही बोललो नाही. मग त्यांनी विचारलं, "दुसऱ्या दिवशी गेट उघडं होतं?"

म्हटलं, कार्ड लावलं, उघडलं. अकराला मीटिंग होती.

थोडा वेळ कपाळच दिसत होतं. "बरं," म्हणाले. मग मुलीचा खोकला गेला का ते विचारलं, आणि मागून आईचा आवाज आला, फोन ठेवू नका, मला बोलायचंय.

तर मंडळी, माझ्या प्रश्नाचं उत्तर मी देऊन बसलोय. पुढच्या वेळी जाईन की नाही माहीत नाही.

लालबावटा_निवृत्त | १२ ऑक्टोबर

बाबांना माझा नमस्कार सांगा. नाव सांगू नका, एसटीवाला म्हणा.

हिशेबतपासनीस | १५ ऑक्टोबर

काल लकॉर्न्यूंनी ६४ वर्षांची ती पेन्शन सुधारणा २०२७ च्या अध्यक्षीय निवडणुकीपर्यंत स्थगित करायची म्हटलं. म्हणजे युनियनवाले जिंकले, अभिनंदन. माझे दोन दिवस कधीच भरले, तेव्हा विचारतो: बिल कोण भरणार?

तुलूजकर_बंडू | १५ ऑक्टोबर

मे महिन्यात पुलावर भेटा, तिथे बोलू.

दोन्ही_घरची_पाहुणी | १५ ऑक्टोबर

अरे, ते राहू दे. दिवाळी पुढच्या आठवड्यात आली. लियोंला चिवड्याचे पातळ पोहे मिळतात का? भाची नवीन गेली आहे तिकडे, एकटीच आहे.

सातचा_भोंगा | १५ ऑक्टोबर

गियोतिएर भागात आशियाई दुकानं आहेत, तिथे मिळतात, पण जाडे. मंद आचेवर बराच वेळ भाजायचे, घाई केली तर चामट होतात. आणि काकू, भाचीचा नंबर व्यनि करा, आमच्याकडे फराळाला येऊ दे. बायको म्हणते, मंगळवारीच पाठवा. बुधवारी बसचा संप असेल तर सांगता येत नाही.